मिटवून घ्या

आपल्या जिल्ह्याचं नावच ठाणं. म्हणजे इथला माणूस जन्मापासून ठाण्यातच बसलेला. तरीही शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही पाड्यावर जाऊन "काल ठाण्यात गेलो होतो" असं म्हणून बघा. समोरचा आधी विचारतो, "कुठल्या?" कलेक्टर कचेरीच्या ठाण्यात गेला असाल तर दिवस वाया गेला. पोलीस ठाण्यात गेला असाल तर वर्ष.

गेल्या उन्हाळ्यात मला त्या दुसऱ्या ठाण्यात जावं लागलं. कुठल्या, ते सांगत नाही. पुन्हा जायची वेळ येऊ शकते. आठवडी बाजारात मी कांदे निवडत होतो आणि माझ्या वरच्या खिशातला मोबाइल दुसरं कोणीतरी निवडत होतं. कांदे पाच किलो झाले तेव्हा खिसा हलका झाला होता. सरळ ठाण्यात गेलो.

"काय झालं?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"मोबाइल चोरीला गेला."

"चोरताना बघितलंत?"

"बघितलं असतं तर जाऊ दिला असता का, साहेब?"

"मग चोरीला गेला कशावरून? हरवला असेल."

"खिशातून?"

"खिशातूनच हरवतात, काका. तिजोरीतून हरवलेला मोबाइल मी तरी अजून बघितला नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. माझ्या हातात एक छापील अर्ज आला. त्यावर 'गहाळ' असा शब्द होता. फार सोयीचा शब्द आहे. चोरी म्हटलं की चोर लागतो. चोर म्हटला की तपास, तपास म्हटला की हवालदार, हवालदार म्हटला की गाडी, गाडी म्हटली की डिझेल. 'गहाळ'ला यातलं काहीही लागत नाही. फक्त शिक्का लागतो आणि तो टेबलावर तयार असतो.

मी अर्ज भरत असताना शेजारच्या बाकावर एक कातकरी बाई बसली होती. वाडीवरून चालत आलेली, पायाला लाल माती. तिचा बोकड गेला होता. माझ्यासारखी ती संशयात नव्हती. कोणी नेला, कुठल्या झाडाखालून नेला, कुठल्या गाडीवर घातला, सगळं पाठ होतं. नेणारा खालच्या गावातला, दोन मजली घरातला.

"बोकड केवढ्याचा?" हवालदारांनी विचारलं.

बाईने जरा विचार केला. खोटं बोलावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नसावं. "व्यापारी चार हजार देत होता, सायेब. मी नाय दिला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्या एका वाक्यात तिचा बोकड दुसऱ्यांदा गेला.

कसा, ते सांगतो. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. भारतीय दंड विधानात चोरी ही चोरी होती. वस्तू पाच रुपयांची असो की पाच लाखांची, गुन्हा दखलपात्र. नव्या संहितेत पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र करून टाकली. चोराची पहिलीच खेप असेल आणि माल परत दिला तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. दिल्लीत बसून विचार केला तर हे ठीकच आहे. भुरट्या चोराला कशाला तुरुंगात टाका, पोलिसांचा वेळ कशाला घालवा. पण पाच हजार ही रेघ कोणाच्या घरावरून गेली आहे ते बघा. कातकऱ्याच्या झोपडीतलं एकेक सामान बाहेर काढून त्याची किंमत लावली तर कोंबड्या, पातेली, कोयती, जाळं, चादर यातली एकही वस्तू त्या रेघेपर्यंत पोचत नाही. अंगणातून, रानातून यातलं एकेक करून सगळं चोरून नेलं, तरी कायद्याच्या भाषेत दखल घेण्याजोगं काही घडलेलं नसतं.

याच्या उलट बाजूलाही एक कायदा आहे. तो जुना, १९२७ सालचा. भारतीय वन अधिनियम, कलम ६४. राखीव जंगलातल्या लाकडाचा नुसता वाजवी संशय आला, तरी वनरक्षक किंवा पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर वनखात्याचा आवाज जरा खाली आला, पण कलम जागच्या जागी आहे. म्हणजे याच बाईच्या डोक्यावर मोळी असती तर तिची दखल ताबडतोब घेतली गेली असती. बोकड गेला, म्हणून ती अदखलपात्र.

बाईला एनसी मिळाली. आपल्याकडे 'एनसी' हा मराठी शब्द झाला आहे. "त्याच्यावर एनसी टाकली" हे शाळेतलं पोरही म्हणतं. टाकणाऱ्याला वाटतं तोफ डागली. एनसी म्हणजे पोलिसांनी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि वही मिटली. पुढे तपास हवा असेल तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा. वाडीवरून चालत आलेल्या बाईने.

हवालदार माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने तिला पाणी दिलं. त्याने त्या गावच्या पोलीस पाटलांना फोनही लावला. "पाटील, जरा बघा तेवढं. बोलवून घ्या दोघांना. मिटवून घ्या." बाईने एनसीची पावती चार घड्या करून पदराच्या गाठीत बांधली आणि निघाली.

माझी गंमत वेगळी. माझा मोबाइल चौदा हजारांचा. म्हणजे चोरी म्हणून लिहिला असता तर दखलपात्र, एफआयआर करावा लागला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात तेच सांगून ठेवलं आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यायचाच, ठाणेदाराला निवड नाही. ठाण्यात तो निकाल कोणी मोडला नाही. फक्त माझा मोबाइल हरवला. बाईचा माल गुन्ह्यासाठी फार स्वस्त, माझा फार महाग. एकीला एनसी, एकाला गहाळ. दोघं एकाच पायरीवरून खाली उतरलो.

मिटवून घ्या. हे दोन शब्द महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर नाहीत. तिथे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आहे. पण सज्जनांचं रक्षण आणि दुष्टांचा निग्रह या दोन्ही कामांना कागद लागतो आणि मिटवायला लागत नाही. म्हणून बोधचिन्ह भिंतीवर आणि मिटवून घ्या तोंडात.

आता यात दोष एकट्या पोलिसांचा आहे असं लिहिलं तर हे सदर फार लवकर संपेल आणि तुम्हालाही फार बरं वाटेल. तेव्हा जरा आपल्या गावच्या वेशीवर या.

वेशीवर कमान आहे. कमानीखाली किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रंग उडालेली पाटी आहे : 'तंटामुक्त गाव'. १५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आबांनी त्याआधी ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने गावं झाडायला लावली होती आणि ती खरोखर झाडली गेली होती. त्याच उमेदीने त्यांनी तंटे झाडायला घेतले. कल्पना चांगली होती. बांधाचं भांडण, भावकीचं भांडण, पाण्याच्या पाळीचं भांडण यांसाठी माणसाने वीस वर्षं कोर्टात का झिजावं? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपल्याला पाळण्यातच सांगतात. समिती बसली, गुण ठरले, लोकसंख्येप्रमाणे लाखांची बक्षिसं ठरली.

आणि बक्षीस म्हटल्यावर गावाच्या लक्षात आलं, की तंटा मिटवण्यापेक्षा तो न लिहिणं सोपं आहे.

तिथे पोलिसांचं आणि गावाचं जमलं. गावाला नोंद नको, कारण अब्रू जाते. ठाण्याला नोंद नको, कारण आकडा वाढतो. आकडा वाढला की गुन्हे बैठकीत वरचे साहेब विचारतात, "तुमच्याकडेच का?" आणि आम्ही वर्तमानपत्रवाले मथळा देतो : 'ग्रामीण भागात गुन्ह्यांत वाढ'. सगळ्या तक्रारी प्रामाणिकपणे लिहून घेणारं ठाणं आमच्या लेखी सगळ्यात बिघडलेलं ठाणं ठरतं. तो मथळा मीही दिलेला आहे. कोणी विचारलं तर नाही म्हणेन. माझं ते कात्रण गहाळ झालंय.

या दोघांच्या मधे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याचं काम ठरवून दिलं, प्रांत त्याची नेमणूक करतात आणि त्याने गावातली खबर ठाण्याला द्यावी अशी अपेक्षा असते. निम्मा गावाचा, निम्मा पोलिसांचा. २०२४ साली त्याचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण खबर द्यायची ती कोणाची? सख्ख्या चुलत्याची? ज्याच्या विहिरीवर पाणी भरतो त्याची? दोन मजली घरातल्या पोराची? पाटील बिचारा मधला मार्ग काढतो. खबर देत नाही, दोघांना बोलावतो आणि बाईला सांगतो, "तो हजार देतोय, घेऊन टाक. गावात राहायचंय ना तुला?" हे शेवटचं वाक्य कुठल्याच कलमात नाही. पण त्याची अंमलबजावणी शंभर टक्के.

मिटवून घेताना दोन बाजू सारख्या असाव्या लागतात, हे तंटामुक्तीच्या पाटीवर लिहायचं राहून गेलं. दोन भावांचा बांध मिटतो. पाड्याचा आणि गावाचा तंटा मिटत नाही, दबतो.

दबून दबून कुठे निघतो बघा. मार्च २०२४. मुरबाड तालुक्यातलं एक गाव. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा. करणी करतो असा संशय. त्याला घरातून उचलून देवळापाशी नेला आणि पेटत्या निखाऱ्यांवर नाचवला. हे कुठल्या अंधाऱ्या जंगलात घडलं नाही, चारचौघांत घडलं. व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल झाला. म्हणजे त्या गर्दीत निदान एक मोबाइल चालू होता, हे नक्की. तो शूटिंगसाठी निघाला. त्याच मोबाइलवर ११२ हे तीन आकडेही दाबता येतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यात प्रत्येक ठाण्याच्या हद्दीसाठी एक दक्षता अधिकारी आहे आणि तो पोलीस अधिकारीच असतो. दक्षता म्हणजे आधी कळणं. पण आधी कळायला गावाने आधी सांगावं लागतं, आणि गावात एखाद्या म्हाताऱ्याबद्दल कुजबुज सुरू झाली ही काय ठाण्यात जाऊन सांगायची गोष्ट आहे? एनसीसुद्धा नाही व्हायची. निखारे पेटले की मग ती दखलपात्र होते.

आता जरा पोलिसांचीही बाजू मांडून घेतो. ठाणे ग्रामीण पोलीस नावाचा एक घटक आहे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा निम्मा मुलूख गेला. २०२० च्या ऑक्टोबरात मीरा-भाईंदर नव्या आयुक्तालयाकडे गेलं. उरलं काय, तर मुख्यतः शहापूर, मुरबाड आणि भिवंडी-कल्याणची खेडी. म्हणजे डोंगर, घाट, महामार्ग, धरणं आणि पाडे. आणि या ग्रामीण पोलिसांच्या अधीक्षकांची कचेरी कुठे? ठाणे शहरात. ज्या शहरात त्यांचा अंमल नाही, आयुक्तांचा आहे. मुरबाडच्या माणसाला अधीक्षकांकडे दाद मागायची तर आधी एसटीने कल्याण गाठायचं, कारण मुरबाडला अजून रेल्वे नाही, मग लोकलने ठाणे. ठाण्याची तक्रार करायला ठाण्याला. वाटेत त्याचा राग थंड होतो, हा या रचनेचा फायदा.

पोलिसांची दखल घेण्याची ताकद बघायची तर पावसाळ्यात माळशेजला या. मुंबई-पुण्याहून मोटारी सुटतात, धबधब्याखाली उघडी पोरं, हातात बाटल्या, कठड्यावर सेल्फी. दरवर्षी कोणीतरी घसरतं, वाहून जातं, मग मनाई आदेश निघतात. भर पावसात रेनकोट घातलेला एक शिपाई शिट्टी वाजवत उभा. त्याच्या बुटात पाणी, रविवारची रजा रद्द, आणि समोरचा गाडीतून म्हणतो, "आप को पता है मैं कौन हूँ?" त्याला खरोखर माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं, की हा पडला तर दरीत उतरायचं आपल्यालाच आहे आणि दोर धरायला पाड्यावरचीच पोरं येणार आहेत. त्या वेळी पोलीस आणि पाडा एका दोराला असतात. पंचनाम्यात पंच म्हणूनही तीच पोरं सह्या करतात. पुढच्या आठवड्यात त्यातल्याच एकाची सायकल गेली की ती गहाळ.

माळशेजच्या शेजारीच नाणेघाट. मुरबाडच्या बाजूने चढून गेलं की माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांनी त्यात जकातीची नाणी टाकायची, असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नाक्याचं मला फार कौतुक वाटतं. रांजण उघड्यावर आहे, तोंड रुंद आहे, कोणी किती टाकले ते मागच्या बैलवाल्यालाही दिसत असणार. नंतरच्या नाक्यांवर रांजण राहिला नाही. एवढंच म्हणतो.

आणि एकदा या तालुक्यात पोलिसांनी अगदी चोख दखल घेतली होती, तेही सांगायला हवं. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल. सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांची बाजू घेणारा, धान्यकोठ्या काढणारा माणूस. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता काढला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. हे मात्र मिटवून घेण्याजोगं नव्हतं. खबर फुटली आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर पोलिसांनी दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच गोळ्यांना बळी पडले. आडनावं जुळवून बघा. गावगाड्यात पाटील आणि कोतवाल म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचीच माणसं. पोलिसांनी मारला तो पाटील आणि कोतवालच. आज दर २ जानेवारीला सिद्धगडावर अभिवादनाला गर्दी होते आणि त्या गर्दीला बंदोबस्त पोलिसांचाच असतो. खबर देणाऱ्याच्या नावाने कमान नाही. त्याचंही मिटलं असणार.

तांत्रिकदृष्ट्या आणखीही एक मोठं प्रकरण या हद्दीत पडून आहे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. नंतर त्याला भातसा धरणाची साथ मिळाली. दोन्हींच्या अवतीभवतीच्या शहापूर तालुक्यात एप्रिल लागला की बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. कोणी ठाण्यात गेलं नाही अजून. गेलं तर काय लिहून देतील, ते मला ठाऊक आहे.

असो. मोबाइलचं सांगायचं राहिलं. सात महिन्यांनी फोन आला, नव्या मोबाइलवर. "काका, तुमचा मोबाइल सापडलाय. गुरुवारी अकराला या. बरे कपडे घालून या." केंद्र सरकारचं सीईआयआर नावाचं पोर्टल आहे, त्यावर आयएमईआय नंबर टाकला की हरवलेला फोन चालू झाल्याबरोबर कळतं. चांगली सोय आहे आणि पोरांनी मनापासून काम केलं होतं, यात शंका नाही.

गेलो. मांडव, खुर्च्या, मागे बॅनर : 'गहाळ मोबाइल मूळ मालकांना परत'. तीसेक मालक इस्त्रीच्या कपड्यांत बसलेले. मी उगाच मागे वळून बघितलं. ती बाई नव्हती. बोकडाला आयएमईआय नंबर नसतो.

माझं नाव पुकारलं. साहेबांनी एका हाताने मोबाइल दिला, दुसऱ्या हाताने गुलाबाचं फूल. मी हळूच विचारलं, "साहेब, हा सापडला कोणाकडे?"

साहेब हसले. ओठ न हलवता म्हणाले, "काका, कॅमेऱ्याकडे बघा."